कॉलेजचा एलडॅप सर्व्हर, पंधरा सीव्हीई आणि गणपतीची सुट्टी

सिक्युरिटी ऑडिटचा अहवाल उघडला की आधी लाल रंगच दिसतो. आमच्या अहवालात डिरेक्टरी सर्व्हरच्या (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड ठेवणाऱ्या सर्व्हरच्या) नावापुढे पंधरा सीव्हीई, म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींचे, क्रमांक होते. धोक्याचे गुण दहापैकी: चौदांना ७.५, एकाला ९.८. असा अहवाल ज्यांच्या टेबलावर येऊन पडलाय आणि वरून "आठ दिवसांत आटपा" असा निरोपही आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आठ दिवसांत होत नाही. आम्हाला जून ते ऑक्टोबर २०२४ लागले, आणि त्यातला फार थोडा वेळ त्या पंधरा क्रमांकांवर गेला.

आमचं कॉलेज मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात आहे. नाव सांगत नाही. सिस्टम विभाग म्हणजे मी आणि एक लॅब असिस्टंट. सगळ्यांचे युजरनेम आणि पासवर्ड एका ओपनएलडॅप सर्व्हरवर. एलडॅप ही खात्यांच्या अशा यादीला प्रश्न विचारायची भाषा, ओपनएलडॅप हे ती बोलणारं मोफत सॉफ्टवेअर. लॅबचं लॉगिन, वायफाय, मूडल (ऑनलाइन अभ्यासाचं सॉफ्टवेअर), लायब्ररी, सगळे त्यालाच विचारतात की हा माणूस खरा का. २०१७ साली माझ्या आधीच्या सरांनी सेंटओएस ७ या लिनक्सवर तो उभा केला आणि ते पुण्याला गेले. सर्व्हर कधी पडला नाही, म्हणून कोणी त्याकडे बघितलंही नाही.

ऑडिटची वेळ आली ती ऑनलाइन फीमुळे. पेमेंट गेटवे देणाऱ्या बँकेने सांगितलं, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) पॅनेलवरच्या कंपनीकडून ऑडिट करून प्रमाणपत्र द्या, नाहीतर पुढच्या सत्रापासून गेटवे बंद. मग नेहमीचं: तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, पर्चेस कमिटी, प्राचार्यांची सही, जावक क्रमांक. सर्वात कमी कोटेशन अठ्ठावन्न हजारांचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६८,४४०. इथे एक गोष्ट आधीच विचारून घ्या: त्रुटी दुरुस्त केल्यावरची फेरतपासणी या रकमेत धरली आहे की वेगळी? आमच्याकडच्या तीनपैकी दोघांनी ती वेगळी ठेवली होती, आणि ती धरली तर "सर्वात कमी" कोण हे बदलत होतं. हेडक्लार्क काकांनी हे पकडलं, मी नाही.

ऑडिटला आलेला मुलगा पंचविशीचा असेल. दुसऱ्या दिवशी तो लायब्ररीत पाहुण्यांच्या वायफायवर बसला आणि मला म्हणाला, "सर, एक मिनिट इकडे बघा." लॅपटॉपवर एलडॅपसर्चची, म्हणजे डिरेक्टरीत शोध घेणाऱ्या कमांडची, एक ओळ टाकली. युजरनेम नाही, पासवर्ड नाही, नुसता सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ३८९, एलडॅपचं नेहमीचं दार. एंटर मारल्याबरोबर आमचे विद्यार्थी स्क्रीनवरून वर सरकायला लागले. नाव, शाखा, मोबाइल, ईमेल. प्रत्येक नोंदीत एक ओळ 'युजरपासवर्ड', पुढे दोन अपूर्णविराम आणि अक्षरांची खिचडी. दोन अपूर्णविरामांचा अर्थ पुढचा मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत गुंडाळलेला आहे. त्याने एक ओळ उलगडून दाखवली: महिरपी कंसात एसएसएचए, आणि मग हॅश, म्हणजे पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप.

ओपनएलडॅपमध्ये प्रवेशाचे नियम लिहिलेच नसतील तर मूळ वागणूक अशी की सगळ्यांना सगळं वाचता येतं. आमच्याकडे नियम लिहिलेच नव्हते. एसएसएचए म्हणजे मीठ (प्रत्येक पासवर्डला जोडलेली वेगळी रँडम अक्षरं) घातलेला एसएचए-१ हॅश. मीठ असलं तरी हा हॅश काढायला फार झटपट, त्यामुळे अंदाज लावणाऱ्याचंही काम झटपट. आणि आमच्या पोरांचे सुरुवातीचे पासवर्ड? जन्मतारीख, आठ आकडे. कॉलेजात असणारी पोरं चार-पाच वर्षांच्या अंतरातली धरली तर दोन हजार तारखाही होत नाहीत. त्याने हिशेब तोंडी सांगितला आणि लॅपटॉप मिटला. यात सीव्हीई कुठलाच नाही. ही पानभर माहिती अहवालात "चुकीचं कॉन्फिगरेशन" या शीर्षकाखाली शेवटून तिसऱ्या पानावर होती, आणि लाल पंधरा पहिल्या पानावर.

त्या रात्री झोप लागली नाही हे लिहायला हरकत नाही. प्रश्न एकच होता, आधी कोणी हे वाचून गेलंय का? २८ एप्रिल २०२२च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार माहितीचोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (सर्व्हरच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. आमचे लॉग चार आठवड्यांचे. जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटची मूळ सेटिंग तेवढीच असते, कोणी बदलली नव्हती. त्या चार आठवड्यांत बाहेरून आलेलं अनोळखी काही सापडलं नाही. त्याआधीचं सांगता येत नाही, आणि प्राचार्यांना मी तसंच लेखी दिलं. "सांगता येत नाही" हे वाक्य पत्रात ठेवायचं की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. ठेवलं. आणि सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे हेही तिथेच ठरलं.

त्याच आठवड्यात प्रवेशाचे नियम लिहिले. स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलता येईल, निनावी माणसाला फक्त पडताळणीपुरता, बाकी कोणाला दिसणार नाही. हे काम खर्चाचं नाही, सर्व्हर बंदही करावा लागत नाही. तुमच्याकडे अहवाल आला असेल तर आधी हे करा आणि मग लाल रंगाकडे वळा. एक खाच लक्षात ठेवा: निनावी बाइंड (नाव न सांगता सर्व्हरकडे लॉगिन) बंद करण्याची जी सेटिंग आहे तिने निनावी वाचन बंद होत नाही. बाइंड न करताच शोध पाठवता येतो. त्यासाठी 'ओळख पटल्याशिवाय काही नाही' अशी वेगळी सेटिंग आहे, रिक्वायर ऑथसी नावाची. ओपनएलडॅपच्या मार्गदर्शिकेत हे स्वच्छ लिहिलंय.

आता ते पंधरा. स्कॅनर सर्व्हरला आवृत्ती विचारतो आणि उत्तर २.४.४४ आलं की तिच्यानंतर सापडलेली सगळी भोकं आपल्या नावावर लावतो. पण रेड हॅट ही लिनक्स कंपनी आवृत्तीचा आकडा तोच ठेवून दुरुस्ती मागे नेऊन चिकटवते, आणि तिच्या मागोमाग सेंटओएस ७ मध्येही तसंच व्हायचं. पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची यादी) काढून त्यात सीव्हीई शोधा. २०२० चा १२२४३, म्हणजे शोधाच्या अटी एकात एक घालत गेल्या की सर्व्हर कोसळतो तो, आमच्याकडे आधीच दुरुस्त होता. २०२० चेच २५७०९ आणि २५७१० हे दोघेही २०२२ च्या पॅकेजात बुजवलेले. ९.८ वाला २०२२ चा २९१५५ वाचायला सर्वात भयानक, एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे शोधाच्या मजकुरातून डेटाबेसला आपले हुकूम घुसवणं. पण तो एलडॅपच्या मागे एसक्यूएल डेटाबेस लावणाऱ्यांसाठी. तो भाग सेंटओएस ७ मध्ये वेगळ्या पॅकेजात यायचा आणि आमच्याकडे बसवलेलाच नव्हता. यादीतला सर्वात लाल क्रमांक आम्हाला लागूच नव्हता.

उरले ते बहुतेक एकाच कुळातले. २०२० चे ३६२२१ ते ३६२३० असे सलग दहा, जानेवारी २०२१ मध्ये २.४.५७ ने बुजवलेले, आणि त्यामागोमाग २०२१ चा २७२१२. मुद्दाम वाकडी रचलेली विनंती पाठवली की स्लॅपडी (ओपनएलडॅपचा मुख्य प्रोग्राम) आडवा होतो, पासवर्डही लागत नाही. माहिती चोरीला जात नाही, सेवा बंद पडते. कोणी म्हणेल, मग एवढं काय? परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये साठ पोरं लॉगिनच्या खिडकीपुढे बसली आहेत असं डोळ्यांसमोर आणा. या उरलेल्यांवर मी वाद घातला नाही, कारण सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ नंतर पॅचच मिळणार नव्हते. पुढचं भोक सापडलं की ते तसंच राहणार. सर्व्हर बदलायचा हे तिथे पक्कं झालं.

कुठे जायचं? एका विक्रेत्याने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी सुचवली, "मायक्रोसॉफ्ट घेतलं की टेन्शन नाही." लायसन्सचा आकडा ऐकून खजिनदारांनी चहा मागवला आणि विषय बदलला. '३८९ डिरेक्टरी सर्व्हर' नावाच्या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरचाही विचार केला. नेटस्केपच्या घराण्यातला आहे, चांगला आहे. त्याचेही २०२४ चे २१९९ आणि ३६५७ हे दोन क्रमांक नुकतेच आले होते, परिणाम तोच, सर्व्हर कोसळणे. आणि आमचं काम संपल्यावर डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या एलडॅपमधली भोकं बुजवली, त्यातल्या ४९११२ ला ९.८. भोकाविना कोणीच नाही, दुरुस्ती किती लवकर आणि किती वर्षं येते एवढंच बघायचं. आम्ही डेबियन १२ हे लिनक्स घेतलं. त्यात ओपनएलडॅप २.५.१३ आहे आणि पॅच आपोआप बसतील अशी सोय लावता येते. जुन्या सर्व्हरशेजारच्या यंत्रावर जागा होती, दोन एसएसडी घेतल्या, तेरा हजारांच्या आसपास. एवढाच हार्डवेअरचा खर्च.

जुलै लागला तसं खरं काम सुरू झालं. पोर्ट ३८९ वरून साधा, उघडा पासवर्ड घेणं बंद करायचं होतं. पण तो कोण कोण पाठवतं याची यादी कोणाकडेच नव्हती. लॉगची पातळी 'स्टॅट्स'वर ठेवली की प्रत्येक बाइंडची ओळ पडते, आणि टीएलएस (एनक्रिप्शन) असेल तर त्याच कनेक्शनवर ते सुरू झाल्याची वेगळी ओळ दिसते. ती नसेल तर पासवर्ड उघडा. अशा उघड्या कनेक्शनांचे आयपी गोळा करत राहिलो. घाई करू नका, पूर्ण महिना तरी ऐका. महिन्यातून एकदाच बोलणारे असतात.

मूडल सापडलं. ते भाड्याच्या क्लाउडवर आणि तिथून आमच्या ३८९ वर इंटरनेटवरून उघडे पासवर्ड येत होते. त्यासाठी वायरगार्डचा एनक्रिप्टेड बोगदा टाकला आणि फायरवॉलमधला बाहेरचा ३८९ कायमचा बंद केला. लायब्ररीचं सॉफ्टवेअर सापडलं, जुन्या बॅचने प्रोजेक्ट म्हणून केलेलं. ते नावाच्या चौकटीत टाकलेला मजकूर तसाच्या तसा शोधाच्या अटीत चिकटवत होतं. चौकटीत नुसती एक तारा (*) टाकली की पहिल्या सापडेल त्या माणसाचं खातं समोर. तारा, कंस, बॅकस्लॅश या चिन्हांना एलडॅपच्या नियमाप्रमाणे सांकेतिक रूप द्यावं लागतं. थर्ड इयरच्या दोन मुलींनी ते एका संध्याकाळी दुरुस्त केलं.

एक आयपी मात्र कुठलं यंत्र ते कळेना. दर तासाला बाइंड, एनक्रिप्शन नाही. वायर धरून गेलो तर परीक्षा विभागात झेरॉक्स मशीन, गळतीसाठी वर निळं प्लास्टिक बांधलेलं. ते ईमेल पत्त्यांची यादी एलडॅपवरून उचलत होतं. मागचा नेटवर्कचा जॅक खाऱ्या वाऱ्याने हिरवा झालेला. शिपाई मामांनी मला अडवलं. "ह्येका हात लावू नकात, सायबा. पावसात बंद पडला तर गणपतीपर्यंत कोण येवचो नाय रिपेअर करूक." मामांचं बरोबर होतं. कंपनीला विचारलं, तर त्या मॉडेलला नवं टीएलएस झेपत नाही आणि फर्मवेअरही येत नाही. शेवटी त्याची एलडॅपची सेटिंगच काढून टाकली.

मुंबईहून एक जाणकार मित्र मदतीला येणार होता. १४ जुलैला खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळून कोकण रेल्वे बंद झाली, त्याची गाडी रद्द, आणि नंतर त्याला रजा मिळेना. मग जे झालं ते व्हिडिओ कॉलवर, वीज असेल तेव्हा.

नवा सर्व्हर उभा करताना जिथे अडकायला होतं ती ठिकाणं सांगतो. जुना डेटाबेस एचडीबी प्रकारचा होता. २.५ मध्ये तो काढूनच टाकलाय, एमडीबी आहे. म्हणून फायली नुसत्या उचलून ठेवता येत नाहीत. स्लॅपकॅटने एलडीआयएफ (साध्या मजकुरातली निर्यात) काढा, स्लॅपअ‍ॅडने भरा. स्लॅपअ‍ॅड रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून चालवलं तर फायलींची मालकी रूटकडे राहते आणि सर्व्हर उठत नाही, तेव्हा ओपनएलडॅपच्या खात्यानेच चालवा. पासवर्ड पॉलिसीचा स्कीमा (नोंदींच्या रचनेची व्याख्या) २.५ मध्ये आतच बांधलेला आहे. जुन्या कॉन्फिगमधला स्कीमा तसाच आणला तर दुहेरी व्याख्या म्हणून अडतो, तो आधी वगळा.

आणि टीएलएस. प्रमाणपत्राचे मार्ग टाकले की "एरर ८०, इतर" एवढंच उत्तर. काय इतर, ते नाही. दोन कारणं बहुतेक वेळा असतात. एक, खाजगी किल्लीची फाइल ओपनएलडॅपच्या खात्याला वाचता येत नाही. त्याला एसएसएल-सर्ट या गटात घाला. दोन, डेबियनमधला ओपनएलडॅप ग्नूटीएलएस या एनक्रिप्शनच्या सॉफ्टवेअरवर बांधलेला आहे, त्यामुळे सायफरची (एनक्रिप्शनच्या पद्धतींची) यादी ओपनएसएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या भाषेत लिहिलेली त्याला कळत नाही. या एका ओळीपायी आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. मित्र तिकडे जेवून आला तरी इकडे एरर ८०.

वायफायचं दुखणं वेगळं. आमचं वायफाय पीईएपी या लॉगिनच्या पद्धतीवर चालतं आणि त्यासाठी प्रत्येकाचा एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीचा) ठेवावा लागतो. हा एमडी४, बिनमिठाचा. शिवाय या पद्धतीत तो फोडावाही लागत नाही, हॅश हाती आला की लॉगिन करता येतं. म्हणजे कुलपाचा फोटो नव्हे, किल्लीच. आदर्श उपाय म्हणजे टीटीएलएस या दुसऱ्या पद्धतीवर जाणं, पण त्यासाठी प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये हात घालावा लागला असता. आम्ही तडजोड केली: तो हॅश फक्त रेडियसच्या (वायफायचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) खात्याला वाचता येतो, आणि ते खातं एकाच आयपीवरून. ऑडिटरने हे "स्वीकारलेला धोका" म्हणून लिहून घेतलं, प्राचार्यांची सही घेऊन.

बदलाचा दिवस गणपतीतला. कोकणात याहून रिकामं कॉलेज वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाही. ७ सप्टेंबरला चतुर्थी. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती, बाकीच्यांकडे गौरी-गणपती, त्यामुळे ९ तारखेला सकाळी सापडलो तो मीच. आधी जुना सर्व्हर फक्त-वाचनावर टाकला, म्हणजे मधल्या वेळेत कोणी पासवर्ड बदलू शकणार नाही आणि कुठला बदल हरवणार नाही. मग निर्यात, आयात, नोंदींची मोजणी दोन्हीकडे सारखी, नावाचा पत्ता नव्या यंत्राकडे वळवला. दुपारी वीज गेली. जनरेटरच्या डिझेलची सोय आदल्या आठवड्यात करून ठेवली होती. चारपर्यंत लॅब, रेडियस, मूडल सगळे नव्याशी बोलायला लागले. जुना सर्व्हर पुसला नाही, केबल काढून महिनाभर तसाच ठेवला. तुम्हीही ठेवा.

तांत्रिक भाग असा सुटला, पण माणसांचा बाकी होता. २.५ पासून आर्गॉन२ हा मुद्दाम संथ केलेला हॅश ओपनएलडॅपमध्येच मिळतो, पण सेटिंग बदलली म्हणून जुने हॅश बदलत नाहीत. पासवर्ड नवा घातला की नवा हॅश तयार होतो. त्यामुळे सुट्टीनंतर चौदाशेच्या वर विद्यार्थी आणि सगळा स्टाफ, प्रत्येकाला नवा तात्पुरता पासवर्ड. एसएमएसने पाठवायचा नाही असं ठरवलं, कारण निम्मे मोबाइल नंबर वडिलांचे. कागदाच्या पट्ट्या छापल्या, आयकार्ड बघून खिडकीवर द्यायच्या. रांग पार्किंगपर्यंत. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "अहो, माझा पासवर्ड चोरून कोणाला काय मिळणार?" मी त्यांना विचारलं, "सर, अंतर्गत गुण कुठल्या लॉगिनने भरता?" त्यांनी पट्टी घेतली. तात्पुरत्या पासवर्डमध्ये शून्य आणि ओ, एक आणि एल ही अक्षरं वापरू नका, निम्म्या तक्रारी तिथेच वाचतात.

फेरतपासणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली, दूरूनच. लायब्ररीतली ती ओळ त्या मुलाने माझ्याकडून परत टाकून घेतली, आणि "ओळख पटवा" असं उत्तर आलं. तो फोनवर नुसता "ओके सर" म्हणाला. प्रमाणपत्र यायला पुढे अडीच आठवडे, कारण कंपनीच्या सहीवाल्या साहेबांची दिवाळीआधीची गडबड. बँकेने ते घेतलं आणि सोबत एक नवा फॉर्म धाडला, तो अकाउंट सेक्शनने भरला.

लॉग आता १८० दिवस राहतात, दुसऱ्या यंत्रावर. दर सोमवारी लायब्ररीच्या वायफायवरून ती निनावी ओळ असिस्टंट टाकून बघतो आणि वहीत सही करतो. झेरॉक्स मशीनचा प्रस्ताव पर्चेस कमिटीत आहे. तोवर परीक्षा विभाग पेनड्राइव्हवर स्कॅन करतो, आणि पेनड्राइव्हचं ऑडिट अजून कोणी मागितलेलं नाही.